यादीचा पुढील क्रमांक संगणकाकडून लिहवून घेणे

शाळेच्या कारभारात याद्यांना अंत नाही. पाठ्यपुस्तकांचे वाटप, पोषण आहाराचा साठा, पालकसभेपुढील विषय, स्नेहसंमेलनाची कामवाटणी, क्षेत्रभेटीची तयारी, अशी कोणतीही बाब घेतली तरी तिची अखेर क्रमांक घातलेल्या यादीत होते. मुख्य बाब समासाशी लिहावयाची, तिच्या पोटातील बाबी थोड्या आत सरकवून लिहावयाच्या, आणि प्रत्येकीपुढे आकडा किंवा अक्षर घालावयाचे, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. टाक-दौत जाऊन संगणक आला तरी क्रमांक घालण्याचे काम बहुधा आपल्याच बोटांकडे राहिले आहे. हे काम संगणकावरील मजकूर-संपादकाकडून, म्हणजे निव्वळ साधा मजकूर लिहिण्याच्या आज्ञावलीकडून, कसे करवून घेता येईल याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे, आणि ती चूक माझीच होती. आमच्या शाळेची क्षेत्रभेट वसईच्या किल्ल्यावर जावयाची होती. शिक्षकांच्या कामांची यादी मी टंकलिखित करून सर्वांना दिली. सहावी बाब अशी होती की, किल्ल्यातील एका जुन्या विहिरीपाशी एका शिक्षकाने सतत उभे राहावे. आदल्या संध्याकाळी एक नवे काम सुचले म्हणून ते चौथ्या बाबीनंतर घुसडले आणि त्यापुढे ५ हा आकडा घातला. पूर्वीची पाचवी बाब पाचवीच राहिली. यादीत दोन पाच झाले, हे माझ्या ध्यानात आले नाही. रात्री दूरध्वनीवरून कामे सांगताना मी ओळी मोजल्या आणि एका बाईंना म्हणालो, "सातवी बाब आपली." ओळी मोजल्या तर विहीर सातवी होती. त्यांच्या हातातील कागदावर मात्र ७ या आकड्यापुढे 'परतताना हजेरी घेणे' असे होते. किल्ल्यात पोहोचल्यावर काही वेळाने मी विहिरीकडे आलो, तो तिसरीची चार मुले कठड्यावर ओणवून आत खडे टाकीत होती आणि जवळ कोणीही मोठे माणूस नव्हते. बाईंना विचारले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, माझ्याकडे हजेरी आहे. विहिरीचं मला कुणी सांगितलंच नाही." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

कवायतीच्या तासाला आपण 'गिनती कर' असा हुकूम देतो. रांगेतील प्रत्येक मूल शेजारच्याचा आकडा ऐकते, त्यात एक मिळवते आणि आपला आकडा सांगते. रांगेत एकंदर किती मुले आहेत हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. संपादकाला यादी पुढे चालविण्यास शिकवावयाचे ते नेमके एवढेच. कोणी एक मूल आकडा चुकले तर पुढची सारी रांग चुकते, आणि उशिरा आलेला मुलगा मध्येच येऊन उभा राहिला तर त्याच्यापासून पुढे गिनती पुन्हा घ्यावी लागते. या दोन अडचणी यादीतही जशाच्या तशा आढळतात.

येथे एक शंका उद्भवेल. कार्यालयीन लेखनाच्या मोठ्या आज्ञावल्यांत यादीचे क्रमांक आपोआप पडतात, मग हा खटाटोप कशासाठी? त्या आज्ञावल्यांतील आपोआप पडणारा क्रमांक हा मजकुराचा भाग नसून मांडणीचा भाग असतो. तो पडद्यावर दिसतो, पण आपण टंकलिखित केलेल्या अक्षरांत तो नसतो. म्हणून यादी उचलून दुसरीकडे, विशेषतः भ्रमणध्वनीवरील संदेशात, चिकटविली की क्रमांक कधी गळतात, कधी त्यांचे समास बिघडतात. साध्या मजकुरातील '६.' हा सहाच राहतो, तो कोठेही न्यावा. जुन्या, मंद संगणकावरही साधा संपादक रेंगाळत नाही, हा दुसरा लाभ.

असे संपादक अनेक आहेत. मी ईमॅक्स वापरतो. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९७६ मध्ये याच्या पहिल्या रूपाला आकार दिला आणि आज प्रचारात असलेला ग्नू ईमॅक्स १९८५ मध्ये त्यांनी सर्वांस मुक्त केला. त्याचे मोल द्यावे लागत नाही. त्याचा मोठा भाग लिस्प नावाच्या संगणकभाषेच्या एका बोलीत लिहिलेला असून वापरणाराने त्याच बोलीत चार ओळी लिहून त्याची वर्तणूक बदलावी, अशी त्याची मूळ घडणच आहे. त्यात प्रत्येक कळ कोणत्या तरी आज्ञेशी जोडलेली असते, अगदी एंटरची कळसुद्धा, आणि ती जोडणी सोडवून आपल्या आज्ञेशी बांधता येते. देवनागरी जोडाक्षरेही त्यात नीट दिसतात, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. व्हिम किंवा इतर एखादा संपादक वापरणाऱ्यांनाही पुढील विवेचन उपयोगी पडेल, कारण विचार तोच आहे, केवळ भाषा निराळी.

एंटर दाबल्यावर संपादकाने काय करावे, हे आधी आपल्या भाषेत लिहून काढावे. मी वहीत लिहिले ते असे:

    चालू ओळ वाच.
    ओळ यादीची नसेल, तर नेहमीप्रमाणे ओळ मोड आणि थांब.
    खुणेपुढे मजकूर नसेल, तर खूण पुसून टाक आणि थांब.
    एरवी ओळ मोड, वरच्याइतकीच जागा सोड, पुढची खूण लिही.

यांतील तिसरी ओळ प्रथम कोणाला सुचत नाही. यादी केव्हा संपली हे संगणकाला कसे कळावे? शेवटची बाब लिहून एंटर दाबली की नवा क्रमांक हजर, तो पुसला तरी पुढच्या एंटरला पुन्हा हजर, असा छळ सुरू होतो. म्हणून नुसत्या क्रमांकाच्या रिकाम्या ओळीवर एंटर दाबली की यादी संपली, असा संकेत ठरविलेला बरा.

'ओळ यादीची आहे' हे ओळखण्यासाठी संपादकाला एक नमुना द्यावा लागतो. आरंभी कितीही मोकळी जागा, मग आकडा, मग टिंब किंवा कंस, मग निदान एक मोकळी जागा, आणि त्यानंतर मजकूर, असा तो नमुना होय. यातील टिंबाची व त्यापुढील मोकळ्या जागेची अट सोडता कामा नये. ती नसेल तर '१५ ऑगस्ट रोजी ध्वजवंदन' ही ओळसुद्धा यादीची ठरेल आणि पुढच्या ओळीवर १६ येईल. अट घालूनही मी एकदा फसलो. मजकूर होता: पालघर जिल्हा अस्तित्वात आला तो दिवस १ ऑगस्ट २०१४. त्यापूर्वी वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता. ओळ नेमकी अशी तुटली की '२०१४.' हे नव्या ओळीच्या आरंभी आले. एंटर दाबताच खाली '२०१५.' उमटले! तेव्हापासून दोन अंकांहून मोठा आकडा मी यादीचा मानीत नाही. शंभर बाबींची यादी करण्याची वेळ शाळेत येऊ नये, हेच बरे.

आता देवनागरी अंकांकडे वळू. माझी अर्धीअधिक शक्ती येथेच खर्च झाली. प्रथम मी ईमॅक्सला सांगितले की, 'अंक शोध'. इंग्रजी अंकांची यादी सुरळीत चालू लागली, पण मराठी अंकांच्या यादीवर एंटर दाबली तर काहीच होईना. ईमॅक्सच्या लेखी 'अंक' या वर्गात केवळ इंग्रजी शून्यापासून नऊपर्यंतचे दहा अंक येतात. मग नमुन्यात ० ते ९ हे देवनागरी अंक स्पष्टपणे घातले. ओळ ओळखली गेली, परंतु '४.' नंतर जे उमटले ते ५ नव्हे, तर इंग्रजी एक! कोणत्याही क्रमांकापुढे तोच इंग्रजी एक. कारण साधे होते. अक्षरांच्या रूपातील आकडा संख्येत बदलण्याची जी आज्ञा ईमॅक्समध्ये आहे, तिला देवनागरी ४ म्हणजे संख्या वाटत नाही. जे संख्या नाही त्याचे मोल ती शून्य धरते, आणि शून्यात एक मिळविला की एक. पहिलीतील एखादे मूल न समजलेल्या प्रश्नाला पाठ झालेले एकच उत्तर देत राहते, तसा हा प्रकार. पायथॉन नावाच्या भाषेत देवनागरी १२ ही थेट बारा मानली जाते. प्रत्येक भाषेचे याबाबतचे शिक्षण वेगवेगळे झालेले आहे, म्हणून आधी तपासून घ्यावे.

उपाय युनिकोडच्या मांडणीतच सापडतो. संगणकाच्या पोटी प्रत्येक अक्षराला एक सांकेतिक क्रमांक असतो. देवनागरी शून्याचा २४०६, एकाचा २४०७, असे करीत नवाचा २४१५. दहाही अंक ओळीने बसलेले असल्यामुळे कोणत्याही अंकाच्या सांकेतिक क्रमांकातून २४०६ वजा केले की त्या अंकाचे मोल मिळते. ४ चा सांकेतिक क्रमांक २४१०, त्यातून २४०६ गेले, उरले ४. दोन अंकी आकडा असल्यास डावीकडच्या अंकाला दहाने गुणून उजवीकडचा मिळवावा. एक वाढवावा. उत्तर पुन्हा अंकाअंकांत फोडून प्रत्येकात २४०६ मिळवावे आणि ती अक्षरे लिहावीत. १९ नंतर २० येताना येथे जे घडते तेच दुसरीच्या वर्गात फळ्यावर घडते: एककात दहा झाले, तेथे शून्य राहिले, हातचा एक दशकात गेला. माझ्या एका सहकाऱ्याने हे गणित वरच्या वर्गातील मुलांना फळ्यावर करून दाखविले. ३७ चे ३८ करण्यासाठी संगणकाला एवढे सव्यापसव्य करावे लागते, हे पाहून मुलांची मोठी करमणूक झाली.

नऊनंतर दहा आला की खूण एका अक्षराने रुंद होते, म्हणून दहाव्या बाबीचा मजकूर वरच्यांपेक्षा किंचित उजवीकडे सरकतो. काहींना हे खटकते व ते एकअंकी क्रमांकांपुढे एक जागा जास्त सोडतात. मी त्याकडे दुर्लक्ष करतो.

पोटबाबींची अक्षरे अंकांपेक्षा अधिक त्रासदायक असतात, आणि त्याला आपली परंपराच कारणीभूत आहे. अंकांप्रमाणे येथेही सांकेतिक क्रमांकात एक मिळवून पाहा. क नंतर ख येतो, ख नंतर ग, ग नंतर घ, येथवर ठीक. घ नंतर मात्र ङ उमटतो, आणि '(ङ) डबे व पाणी' असे कोणी लिहीत नाही. पुढे झ नंतर ञ. न नंतर तर प येतच नाही, नुक्ता असलेला ऩ येतो, कारण तमिळसारख्या भाषांतील ध्वनी देवनागरीत लिहिण्यासाठी त्याला तेथे जागा दिलेली आहे. स्वरांचीही तीच तऱ्हा. अ, आ, इ, ई, उ, ऊ, ऋ झाले की ऌ, आणि तदनंतर ऍ. मराठीत प्रचलित असलेला ॲ या रांगेत नाहीच, तो २००८ मध्ये युनिकोडमध्ये आला आणि अंकांच्याही पलीकडे २४१८ क्रमांकावर बसला. तेव्हा अक्षरांसाठी बेरजेच्या भरीस न पडता आपल्याला हवा तो क्रम एका कोष्टकात लिहून द्यावा आणि संपादकाला सांगावे की कोष्टकात या अक्षराच्या पुढचे अक्षर घे.

कोष्टक कोणते द्यावे, हा पुढचा पेच. आपल्या परिपत्रकांत दोन क्रम सर्रास आढळतात. एक क, ख, ग, घ, च. दुसरा अ, ब, क, ड, इ, जो उघडच इंग्रजी मुळाक्षरांच्या चालीवर बेतलेला आहे. दोन्हींत 'क' आहे! पहिल्यात तो आरंभी, दुसऱ्यात तिसरा. मग '(क)' या ओळीनंतर संपादकाने ख लिहावा की ड? ती एक ओळ वाचून याचे उत्तर कोणीही देऊ शकणार नाही, आपणही नाही. त्यासाठी त्याच समासातील वरची ओळ पाहावी लागते. तेथे ब असेल तर ड, तेथे काहीच नसेल तर ख. 'अ'च्या बाबतीत तेवढाही आधार मिळत नाही, कारण अ पहिलाच असतो, आणि त्यापुढे आ येतो की ब, हे लिहिणाराच्या मनात असते. मी माझ्या आज्ञावलीत केवळ क, ख, ग हा क्रम ठेवला व अ, ब, क, ड ला रजा दिली. ज्या शाळेत दुसरा क्रम रुळला असेल तिने तो ठेवावा, परंतु एकाच संगणकावर दोन्ही नांदवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता समासात आत जाणे व बाहेर येणे. पुढील यादी पाहा:

१. वसईचा किल्ला
    (क) जमिनीकडील व समुद्राकडील दरवाजे पाहणे
    (ख) चिमाजी अप्पांची १७३९ ची मोहीम सांगणे
२. सोपाऱ्याचा स्तूप
    (क) पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे १८८२ चे उत्खनन
    (ख) अशोकाच्या शिलालेखाचे अवशेष

येथे (ख) लिहून एंटर दाबली की '(ग)' येईल. आपल्याला तर 'अर्नाळा' ही तिसरी मुख्य बाब लिहावयाची आहे. अशा वेळी रिकाम्या (ग) वर पुन्हा एंटर दाबावी आणि संपादकाने यादी संपवून न टाकता एक पायरी बाहेर यावे, अशी योजना करता येते. त्यासाठी त्याने ओळीओळीने वर चढत जावयाचे. जी ओळ (ग) इतकीच किंवा तिच्याहून अधिक आत आहे ती सोडून द्यावयाची. कमी आत असलेली यादीची पहिली ओळ भेटली की थांबावयाचे. येथे ती '२. सोपाऱ्याचा स्तूप' ही भेटते. तिचा समास घ्यावयाचा, तिच्या क्रमांकात एक मिळवावयाचा, आणि (ग) पुसून त्या जागी '३.' लिहावयाचे. वर चढूनही अशी ओळ भेटली नाही तर मात्र यादी खरोखर संपली. गिनतीच्या भाषेत सांगावयाचे तर, मागच्या रांगेतील मूल पुढच्या रांगेत येऊन उभे राहिले की त्याने आपल्या जुन्या शेजाऱ्याचा आकडा विसरावा आणि नव्या शेजाऱ्याचा ऐकावा.

आत जाण्यासाठी टॅबची कळ वापरावी. तिने खूण आत सरकते व नव्या पातळीचे पहिले अक्षर घेते. समास मात्र एक तर टॅबनेच सोडावा किंवा मोकळ्या जागांनीच. दोन्हींची सरमिसळ केल्यास दोन ओळी डोळ्यांना सारख्या दिसतात पण संपादकाच्या मोजणीत निराळ्या भरतात, आणि वर चढण्याचे सारे गणित कोसळते. तसेच संपादकाची स्वतःची आपोआप समास सोडण्याची सोय चालू असेल तर एकदा तो जागा सोडतो व एकदा आपली आज्ञावली. परिणामी यादी जिन्यासारखी उजवीकडे सरकत जाते. दोहोंपैकी एकालाच ते काम द्यावे.

वास्तविक ईमॅक्समध्ये याद्यांची उत्तम व्यवस्था तयारही मिळते. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये स्वतःच्या टिपणांसाठी लिहिलेली ऑर्ग नावाची जोड त्यात समाविष्ट आहे. बाबी पुढे चालविणे, आत-बाहेर करणे, क्रमांक नव्याने घालणे, हे सारे तिला येते. इंग्रजी अंकांत याद्या करणाऱ्याने सरळ तीच वापरावी. देवनागरी अंकांना मात्र ती यादीचे क्रमांक म्हणून ओळखीत नाही, म्हणून आपले आपण लिहिणे प्राप्त झाले.

एवढे सर्व साधले तरी माझी विहिरीची चूक यातून टळली नसती, हे नमूद केले पाहिजे. यादी पुढे चालविणारी आज्ञावली केवळ शेजारच्या ओळीकडे पाहते. चौथ्या बाबीनंतर एंटर दाबून नवी बाब घातली तर ती बिनचूक ५ लिहील, आणि खालचा जुना ५ तसाच राहील. दोन पाच पुन्हा झालेच. त्यासाठी दुसरी छोटी आज्ञावली लागते, जी निवडलेल्या यादीत वरून खाली जात सर्व क्रमांक नव्याने घालते. तिचे काम प्रत्येक समासासाठी एक पाटी ठेवून चालते. ओळ आली की तिच्या समासाच्या पाटीवरील आकडा एकाने वाढवावयाचा व तो ओळीवर लिहावयाचा. ओळ बाहेरच्या समासातील असेल तर तिच्याहून आतल्या सर्व पाट्या पुसून टाकावयाच्या, म्हणजे पुढच्या पोटबाबी पुन्हा क पासून सुरू होतील. पाटी पुसण्याचे विसरले तर सोपाऱ्याच्या पहिल्या पोटबाबीस (ग) पडतो. माझ्याकडून हे विसरले गेले होते.

ही दुसरी आज्ञावली मी एंटरच्या कळीला जोडलेली नाही. ती मुद्दाम हाक मारल्यावरच चालते, कारण शासकीय पत्रातून जशीच्या तशी उतरून घेतलेली यादी असेल तर तिचे क्रमांक परस्पर बदलणे योग्य होणार नाही. मजकुरात अन्यत्र 'वरील बाब ६ पाहावी' असे लिहिले असेल, तर नव्याने क्रमांक पडल्यावर तो संदर्भ आपोआप सुधारत नाही. तो डोळ्यांनीच शोधावा लागतो. दोन्ही आज्ञावल्या ईमॅक्सच्या आरंभ-फाइलीत ठेवल्या म्हणजे संपादक उघडताच त्या तयार असतात, आणि त्या फाइलीची एक प्रत शाळेच्या दुसऱ्या संगणकावरही असावी.

पहिल्याने करून पाहणाऱ्यांनी खरी यादी घेऊ नये. दहा-बारा ओळींची खोटी यादी घ्यावी, तीत ९ वरून १० वर जाणारी एक जागा, घ वरून च वर जाणारी एक, एक रिकामी बाब व वर्षाने सुरू होणारी एक ओळ मुद्दाम ठेवावी, आणि प्रत्येक ठिकाणी एंटर दाबून पाहावी. यादी छापण्यापूर्वी ती एका सहकाऱ्याने मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने ऐकावी. क्षेत्रभेटीच्या यादीत मी आता क्रमांकाच्या जोडीला त्या त्या शिक्षकाचे नावही लिहितो, आणि दूरध्वनीवर कोणास काम सांगावयाचे झाल्यास आकडा न सांगता 'विहीर आपल्याकडे' असे सांगतो.